शनिवारची फुस्स

"बावीस वर्षांत माझा एकही प्रयोग फसलेला नाही," रसायनाचे सर तपासणीला आलेल्या बाईंना छाती पुढे काढून म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या मामांनी मान खाली घातली. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. सर बोलतायत ते शंभर टक्के खरं आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बावीस वर्षांत सरांनी एकही प्रयोग केलाच नव्हता. ते प्रयोग फळ्यावर काढायचे, रंगीत खडूने, अगदी ज्वाळेसकट. तिथे काय फसणार? फार तर खडू मोडणार.

मामा तरीही दर शनिवारी स्वच्छ परीक्षानळ्या पुन्हा धुवायचे आणि कपाटातल्या पेरॉक्साइडच्या बाटलीचं झाकण जरा सैल करायचे. आत वायू कोंडतो, असं त्यांना आधीच्या मदतनीसाने सांगून ठेवलं होतं. बाटली फुस्स करायची, मामा झाकण परत बसवायचे, आणि शाळेतलं त्या आठवड्याचं रसायनशास्त्र संपायचं.

आज मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. वापरात नसलेल्या प्रयोगशाळा बंद करा, असा वरून हुकूम होता. ही बंद झाली की मामांची रवानगी फाटकावर, हातात शिट्टी देऊन. सुजलेल्या पायांनी दिवसभर उभं राहायचं. सकाळी डबा देताना बायकोने विचारलं होतं, सरांना जमेल ना हो? मामा चपला घालून निघाले होते.

सरांनी दहावीच्या पोरांना समजावलं. पेरॉक्साइडचं विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होतो, भरपूर उष्णता बाहेर पडते, आणि त्यात साबण असला की फेसाचा खांब उभा राहतो. मग चंबूत दोन्ही ओतून त्यांनी विघटनाचा वेग वाढवणारी चमचाभर आयोडाइडची पांढरी भुकटी टाकली आणि टुणकन मागे उडी मारली.

एक बुडबुडा आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गेला.

"सर, फळ्यावर चांगला होतो," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

सरांनी मामांना कोपऱ्यात घेतलं. शनिवारची गोष्ट ऐकून ते लालबुंद झाले. "म्हणजे दर आठवड्याला तुम्ही माझा प्रयोग थोडा थोडा सोडून देत होतात! नवी बाटली आणा. आणि यापुढे झाकणाला हात लावलात तर याद राखा."

नवी बाटली कडक होती. सरांनी घाबरून दुप्पट माप घेतलं, भुकटी तीन चमचे. फेस वाफाळत वर गेला, पंख्याला लागला, आणि पंख्याने तो सगळ्या वर्गाला सारखा वाटला. बाईंच्या चष्म्यावरही आला. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि वहीत लिहिलं: प्रयोगशाळा वापरात आहे, चालू ठेवावी. मामांचे डोळे भरून आले. फेस गेला असेल, असं त्यांनी पोरांना सांगितलं.

मापात थोडं पेरॉक्साइड उरलं होतं. मापाच्या काठाला भुकटीचे कण चिकटले होते. वाया कशाला घालवा, म्हणून सरांनी ते बाटलीत परत ओतलं, दोन्ही हातांनी झाकण आवळलं आणि ते हसत घरी गेले. शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाईंनी, खुशीत दुसऱ्या दिवशीची, शनिवारची, सुट्टी जाहीर केली.

संध्याकाळी मामा कपाट बंद करायला गेले. बाटलीचं पोट फुगलं होतं. हात लावला तर तापलेल्या पोराच्या कपाळासारखी गरम. हात सवयीने झाकणाकडे गेला, बोटं टेकली. मग त्यांना सरांचा चेहरा आठवला, आणि वहीतली ती ओळ. आजच वाचलोय, आजच कुणाचं ऐकलं नाही असं नको व्हायला. त्यांनी बाटली आत सरकवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, अहो, जमलं ना सगळं? मामा म्हणाले, जमलं.

सोमवारी कपाटाचं दार, कुलपासकट, फाटकाजवळ पडलेलं सापडलं.