न जळणारा कापूस

नवरा कामावरून अंघोळ करून यायला लागला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

सोळा वर्षं हा माणूस दारात आला की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक दिसायचा. अ‍ॅस्बेस्टॉस पिंजायचं काम. म्हणजे खाणीतला दगडच, पण फोडून पिंजला की कापसासारखा मऊ होतो आणि आगीत टाकला तरी जळत नाही. त्याचं कापड भट्टीवाल्यांच्या अंगावर, दोऱ्या बॉयलरच्या दारांना. रोज संध्याकाळी त्याचे कपडे ती पायरीवर झटकायची, मग धुवायची. आणि आता तीन महिने कपडे घरीच येईनात! केस ओले, अंगाला भलत्याच साबणाचा वास.

"कपडे कोण धुतं हो तुमचे?"

"तिकडेच धुतात."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"जेवू दे ना बाई सुखानं," म्हणत त्याने ताटात मान घातली. झालं! हिचा संशय पक्का.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटायच्या वेळेला ती फाटकावर जाऊन उभी राहिली. कोण सटवी आहे ते बघूनच घेऊ. आत नवी न्हाणीघरं, पुरुषांची रांग, आणि भिंतीवर पाटी: कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, धूळ घरच्यांच्या फुप्फुसांत जाते. तिने पाटी दोनदा वाचली. सटवीबिटवी कुणी नव्हतीच.

तो बाहेर आला आणि तिला बघून जागीच थिजला.

"मला का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? इतकी वर्षं तूच झटकलेस ना."

"माझं मेलीचं जाऊ द्या हो," ती म्हणाली, आणि एकदम तिने त्याचा दंड धरला. "पोरीची उशी?"

पिंजणाखाली पडलेला मऊ चुरा कामगार पिशव्या भरभरून घरी न्यायचे. फुकटचा कापूस! पोरगी झाली तेव्हा यानेही आणला, खोळ हिने शिवली. नऊ वर्षं पोरगी त्याच उशीत तोंड खुपसून झोपत होती.

"तीन महिने माहीत होतं तुम्हाला!"

"उशी काढली असती, तर तू विचारलं असतंस, का म्हणून," तो पुटपुटला.

शाळेतून दमून आलेली पोरगी या वेळेला हमखास आडवी झालेली असायची. हिने चपला हातात घेतल्या आणि ही घराकडे पळत सुटली.