लेंडीमास्तर

"मास्तर, खरं सांगा, हात न धुता काम केलंत ना?"

मॅडमनी कागद टेबलावर सरकवला. यंत्राने काढलेल्या रेघेत एक टोक बाकी सगळ्यांपेक्षा उंच गेलं होतं. कुरणात पेरलेल्या पाच गवतांपैकी एकाच्याही मेणात ते नव्हतं.

"हाताला क्रीम, वंगण, काहीतरी असणार. यंत्राला तेही मेणासारखंच दिसतं."

"मी हाताला काही लावत नाही, मॅडम."

"मग मेंढ्यांनी मेणबत्त्या खाल्ल्या?"

पलीकडच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला.

सत्तावीस वर्षं तो या संशोधन केंद्रात मेंढ्यांच्या लेंड्या गोळा करत होता. सगळे त्याला लेंडीमास्तर म्हणत, त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. प्रत्येक वनस्पतीच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि प्रत्येकीचं मेण थोडं निराळं. पान पोटात पचतं, मेण बरंचसं तसंच बाहेर पडतं. लेंडी सुकवायची, दळायची, मेण वेगळं काढून यंत्रात सोडायचं, की मेंढीने काय खाल्लं ते कळतं. हे काम त्याच्याइतकं स्वच्छ कुणी करत नाही, हे आधीचे तीन साहेब बोलून दाखवत असत.

"हे नमुने मी वगळते," मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी उतारावरची झुडपं काढायला ट्रॅक्टर येतोय. तिथेही गवतच पेरायचंय. आता घोळ नको."

संध्याकाळी घरी त्याने चहाचा कप तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला. खिडकीशी गेला, परत आला.

"अहो, बसा की जरा. पायाला भिंगरी लागलीय का?" बायको म्हणाली.

"मला घाणेरडा म्हणाल्या."

"तोंडावर?"

"तसं म्हणाल्या नाहीत. पण म्हणाल्याच."

मंगळवारी तो सगळ्यांच्या आधी पोचला. नमुना न घालता, नुसती रसायनं आपल्या हाताने हाताळून त्याने यंत्र चालवलं. रेघ सपाट आली. मग राखून ठेवलेल्या लेंड्या पुन्हा दळल्या. ते टोक पुन्हा उभं राहिलं. दोष त्याच्या हाताचा नव्हता. म्हणजे मेंढ्या असं काहीतरी खात होत्या, जे कुणी मोजलंच नव्हतं.

कुरणावर मेंढ्या राखणारी मावशी दगडावर बसली होती.

"मावशी, या गवत सोडून आणखी काय खातात?"

"गवत तर तुमच्यासमोर खातात. तुम्ही येता सकाळी, पिशव्या भरता आणि जाता. दुपारी कुठे असता?"

तो थांबला. दुपारी ऊन चढलं तसा कळप आपोआप उताराकडे वळला. झुडपांची पानं जाड होती, चकचकीत. मेंढ्या मागच्या पायांवर उभ्या राहून ती ओरबाडत होत्या.

"गवत वाळलं की यांचं पोट यावरच," मावशी म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

मॅडमना त्याने सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "बघितलं म्हणजे मोजलं नव्हे, मास्तर. आकडा आणा."

त्याने झुडपाची पानं तोडून आणून भट्टीत ठेवली, पण ती सुकायला जो वेळ लागतो तो लागतोच. बुधवारभर तो भट्टीच्या दाराशी येरझाऱ्या घालत राहिला. गुरुवारी सकाळी लांबून ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला. चमचा त्याच्या हातातून निसटला. त्याने पूड सावरून घेतली, पुन्हा वजन केलं. घाई केली तर सगळंच फुकट जाणार होतं.

दुपारी एकला रेघ कागदावर आली. मॅडमनी लेंड्यांचा आणि पानांचा असे दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. टोकावर टोक बसलं. त्यांनी आकडेमोड केली, पुन्हा केली.

"जवळजवळ निम्मं खाणं या झुडपाचं आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. "काम थांबवा. हो, आत्ता. नाही, चूक माझी आहे."

फोन ठेवून त्या त्याच्याकडे वळल्या. "मास्तर, त्या दिवशी मी..."

"थांबला का ते बघून येतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

ट्रॅक्टर थांबला होता. वरची बाजू शाबूत होती. खालचा अर्धा उतार मात्र उघडा पडला होता, उपटलेल्या झुडपांचा ढीग कडेला रचलेला. नेहमीच्या वेळेला कळप नेहमीच्या जागी आला होता आणि उकरलेल्या मातीत गप्प उभा होता. मावशी हाका मारत होती. एकही मेंढी जुमानत नव्हती.

त्याने आजवर कधी मेंढ्या हाकल्या नव्हत्या. दोन्ही हात पसरून तो कळपाच्या मागे गेला, तोंडाने कसलासा आवाज काढत त्यांना वरच्या अंगाला वळवू लागला. एकेक करून त्या चढू लागल्या.

एक म्हातारी मेंढी मागे राहिली. ओल्या मातीला नाक लावून ती तशीच उभी होती. त्याने तिला हाकललं नाही. ती मान वर करेपर्यंत तो तिच्याजवळ थांबला.