राजाचं तेल राखणारी मडकी

मित्रांनो, मी एक जुनी मडकी आहे. मातीची म्हणून नाक मुरडू नका. माझ्या कानावर राजाच्या कारभाऱ्याचा शिक्का आहे. कान अर्धा तुटलाय, पण राहिलेल्या अर्ध्यावरून बोट फिरवलंत तर अजून लागतो हाताला.

यरुशलेमच्या कुंभारानं मला घडवलं. त्याच वर्षी यहोयाखीन आमचा राजा झाला. अठरा वर्षांचा पोर! बाप नुकताच गेलेला, आणि बाबेलचं, म्हणजे बॅबिलोनचं, सैन्य वेशीशी येऊन बसलेलं. शहर वाचावं म्हणून तो आईला आणि घरच्या माणसांना घेऊन वेशीबाहेर आला आणि स्वतःला शत्रूच्या हवाली केलं. तीन महिन्यांचं राज्य. तेवढ्यात मीसुद्धा धड वापरात आले नव्हते.

बंदी होऊन बाबेलला निघायच्या दिवशी राजमातेची दासी मिल्का हिनं आमच्या डोंगरावरच्या जैतुनाच्या फळांचं तेल माझ्यात गळ्यापर्यंत भरलं आणि तोंडावर मेण ओतलं. आमच्यात राजा मुकुटानं होत नाही, डोक्यावर तेल ओतल्यानं होतो. राजमातेनं मिल्काला शपथ घातली, "माझा मुलगा परत गादीवर बसेल तेव्हा हेच तेल. तोवर कुणाचं बोटही लागता कामा नये."

देवळातली सोन्याची भांडी त्याच वाटेनं निघाली. ती उंटांवर लुटीत, मी मिल्काच्या काखेत. चार महिने चाललो.

बाबेलला राजाला घरच्या माणसांसकट कोंडून ठेवलं. शिध्यात तिळाचं तेल यायचं, रोजचं सगळं त्यावरच भागायचं. तशात आमच्यातला एक भविष्य सांगणारा शपथेवर म्हणाला, "दोन वर्षं! दोन वर्षांत सगळे घरी." दुसऱ्यानं गावाकडून पत्र धाडलं की घरं बांधा, झाडं लावा, तिथंच लेकरं वाढवा. त्याला आमच्या लोकांनी शिव्या घातल्या आणि दोन वर्षांवाल्याला डोक्यावर घेतलं. गाठोडी सोडलीच नाहीत कुणी. मीही मेणाखाली ऐटीत बसून राहिले.

तिथंच राजाला पहिला मुलगा झाला. आमच्यात तान्ह्याला आधी मीठ लावतात, मग तेल चोळतात. राजमाता म्हणाली, "मिल्के, आण ती मडकी. निदान माझ्या नातवाच्या अंगाला घरचा वास लागू दे."

"नाही बाईसाहेब."

"मी राजाची आई आहे, विसरलीस?"

"शपथ तुम्हीच घातलीत. हे तेल डोक्यासाठी आहे, ढुंगणासाठी नाही."

राजमातेला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला तिनं. पोराला तिळाचं तेल लागलं. खरं सांगते, मला तेव्हा भारी अभिमान वाटला होता. पुढे राजाला आणखी मुलगे झाले, त्यांनाही तिळाचंच. राजमाता म्हातारी होऊन गेली. घरच्या तेलाचा वास काही तिच्या नाकाला परत लागला नाही.

दोन वर्षांची सदतीस झाली. मागे यरुशलेम जळलं, देऊळ पडलं. तरी आमची माणसं वर्षं मोजायची ती राजाला धरून नेलं त्या दिवसापासूनच.

मग बाबेलच्या गादीवर नवा बादशहा आला आणि त्यानं राजाला सोडलं. बंदिवासाचे कपडे उतरवले, नवा झगा घातला, केसांना अत्तर लावलं. मिल्का मला छातीशी धरून धावत आली. म्हातारी झाली होती, धाप लागत होती.

"थांबा धनी! आधी हे."

तिनं मेण फोडलं, आणि माझ्याच पोटातला वास माझ्याच्यानं सोसवेना. तेल पार खवट झालं होतं.

राजानं बोट बुडवलं, हुंगलं, आणि खाली पडलेल्या जुन्या कपड्याला पुसलं. "जुनं झालं गं मिल्का. आता तूही बस जरा," एवढंच म्हणाला आणि बादशहाच्या पंगतीला गेला. मरेपर्यंत तिथंच जेवला. यरुशलेमला गेला नाही.

मिल्का मला मांडीवर घेऊन म्हणाली, "सदतीस वर्षं सांभाळलं तुला. तू पण दगा दिलास?"

मी? मी गळले नाही, तडकले नाही. राख म्हणालात, राखलं. माझ्यावर कसला आळ घेता? दगा दिला त्या दोन वर्षांनी, आणि ती खरी मानणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी.

चार दिवस तिनं मला कोपऱ्यात टाकून दिलं. पाचव्या दिवशी तिनं मला राख आणि कढत पाण्यानं घासलं, शिध्यातलं तिळाचं तेल भरलं आणि तोंड उघडं ठेवून दाराशी मांडलं. "ज्या घरी बाळ, त्यानं न्यावं," म्हणाली. बाबेलच्या कालव्याकाठी राहणाऱ्या आमच्या लोकांच्या कितीतरी पोरांना माझ्यातलं तेल लागलंय. राजाच्या नातवालासुद्धा. ढुंगणाला, डोक्याला, सगळीकडे!

तोच नातू मोठा झाला. मिल्का गेली, बादशहा बदलले आणि आम्हाला घरी जायची मुभा मिळाली. माणसं घेऊन तो पुढे निघाला. देवळातली सोन्याची भांडीही परत मिळाली, ती एकेक मोजून पेंढ्यात बांधली.

शेजारच्या म्हातारीनं मला उचललं. "हिला पण घे रे. राजाच्या घरची आहे."

"मातीची मडकी तिकडेही मिळेल, आत्या," तो म्हणाला. तिनं मला परत दाराशी ठेवलं.

सोनं आलं त्या वाटेनं घरी गेलं. मी राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी ठेवणीतलं काही असेल तर आज काढा. जे लेकरू समोर आहे त्याला लावा. आणि वापरून झालं की भांडं घासून जागेवर ठेवा, त्याला बोल लावू नका. तेवढा मान मातीलाही असतो.

माझ्या तळाशी अजून बोटभर तेल आहे. कालव्याकाठी कुणाकडे बाळ झालं तर या. तोंड उघडंच आहे.