शंभर पेट्यांत एक घोडा

कृष्णमूर्ती आंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला, तेव्हा त्यांच्या मुलीने, श्रीविद्याने, तो घेतला. पलीकडे एक बाई तमिळमध्ये बोलत होती. फोन कोणी घेतला याची वाटही न पाहता तिने सुरुवात केली.

“ऐया, शंभर झाल्या. आत्ताच शंभरावी उघडली. घोडा आला नाही. माझं मोजण्यात काही चुकलं असेल का?”

श्रीविद्याने आपण कोण ते सांगितलं. तेव्हा चोळपुरम्हून अलमेलू बोलत होती एवढं ऐयांना सांगा, असं म्हणून तिने फोन ठेवला.

अप्पा डोकं पुसत बाहेर आले. अलमेलूचं नाव ऐकताच त्यांचा हात थांबला.

“काय म्हणाली ती?” त्यांनी घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं.

“शंभर झाल्या म्हणे. घोडा आला नाहीं म्हणे. कसला घोडा, अप्पा? तुम्ही शर्यतीवर पैसे लावितां काय?”

“शर्यत नव्हे. खेळ आहे, फोनांतला.”

अप्पा कुंभकोणम्च्या तालुका कचेरीतून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून त्यांना दिवस सरता सरत नसे. मग कुणीतरी त्यांना हा गाव वसवायचा खेळ दाखवला. शेत, तळं, गोठा, बाजार असं एकेक मांडत जायचं. खेळणाऱ्यांचे संघ असत. अप्पांच्या संघात कुंभकोणम्, चोळपुरम्, सुंदरपेरुमाळ कोयिल इथली माणसं होती, बहुतेक त्यांनी कधी न पाहिलेली. नोकरीत असताना लोक सरकारी कागद घेऊन त्यांच्याकडे येत, यात काय लिहिलंय ते सांगा म्हणत. संघातही तेच सुरू झालं. खेळात नवी सूचना आली की आधी ऐया, म्हणजे अप्पा, काय म्हणतात ते विचारायचं. श्रीविद्याला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. अप्पा दुपारी फोनवर शेती करतात, एवढीच तिची समजूत.

सध्या सणाची स्पर्धा चालू होती. ज्या संघाकडे पांढरा घोडा येईल तो संघ वरच्या पायरीवर जाणार होता. घोडा थेट विकत मिळत नव्हता. विकत मिळायची ती रत्नपेटी, आणि तिच्यात काय आहे ते उघडल्यावरच कळायचं.

“मी आधीं वाचून घेतलें,” अप्पा म्हणाले. “उगाच कोणास पैसे घालूं दिले नाहींत. हें बघ, स्वच्छ लिहिलें आहे.”

त्यांनी फोनवरच्या पेटीच्या चित्राच्या कोपऱ्यातल्या बारीक गोलावर बोट ठेवलं. एक पान उघडलं. पेटीतून काय काय निघू शकतं ते त्यावर दिलं होतं, आणि सर्वांत खाली तमिळमध्ये एक ओळ होती: शंभर पेट्यांत एक पांढरा घोडा.

ती ओळ श्रीविद्याने लिहिलेली होती.

ती घरी बसून भाषांतराचं काम करायची. चेन्नईच्या एका कंपनीकडून इंग्रजी वाक्यं यायची, सुटी सुटी, कुठल्या खेळाची हेही कळायचं नाही, आणि ती त्यांचं तमिळ करून पाठवायची. वर्षाच्या सुरुवातीला अशीच एक खेप आली होती. पैसे घेऊन पेटी विकायची तर कुठली वस्तू निघण्याची शक्यता किती ते खेळणाऱ्याला दाखवावंच लागतं, असा नियम असल्याचं काम देणाऱ्या विजयराघवने सांगितलं होतं. मूळ इंग्रजीत नुसतं एक टक्का होतं. टक्का, संभाव्यता असले शब्द पुस्तकी वाटतात, साध्या माणसाला कळेल असं लिहा, असंही तो म्हणाला होता. तिने साध्या माणसाला कळेल असं लिहिलं. ओळ जमली म्हणून तिला तेव्हा बरंही वाटलं होतं.

“अप्पा, तुम्ही हें सगळ्यांस काय म्हणून सांगितलें?”

“जें आहे तेंच. शंभरांत एक आहे म्हटल्यावर शंभर उघडल्या कीं यावयास हवा. कुणाला दहाव्या पेटींत येईल, कुणाला नव्वदाव्या. अलमेलूस मीच म्हटलें, साठ झाल्या आहेत तर आतां सोडूं नकोस.”

“तसें नसतें तें. प्रत्येक पेटी नवीच असते. आधीं किती उघडल्या तें तिला ठाऊकच नसतें.”

“मग शंभर असें लिहिलें कशास?”

श्रीविद्या आपल्या खोलीत गेली आणि कागदावर हिशेब मांडून पाहिला. शंभर माणसांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तर त्यांतल्या छत्तीस-सदतीस जणांच्या हाती घोडा लागतच नाही. तिने पुन्हा मांडून पाहिला. तेच आलं. तिची ओळ वाचून किती जणांनी अशी वाट पाहिली असेल याचा अंदाज करायचंही तिला धाडस होईना.

तिने विजयराघवला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“आकडा चुकीचा आहे का?” त्याने विचारलं.

“आकडा बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला ते वचन वाटतं.”

“मॅडम, ते वकिलांनी तपासून मंजूर केलेलं आहे. आता बदलायचं म्हणजे आधीचं चुकलं होतं असं कबूल करायचं. तुम्ही यातलं काही लेखी पाठवू नका. नवी खेप तयार होतेय, ती तुम्हालाच द्यायची आहे.”

तिने फोन ठेवला. तिचं निम्मं काम या एकाच ठिकाणाहून यायचं. बाहेरच्या खोलीत अप्पा अलमेलूला फोन लावत होते. लागत नव्हता. पुन्हा लावला. फोन बंद असल्याचं तेच ते रेकॉर्ड सांगत राहिलं.

“ती फोन कधीं बंद ठेवीत नाहीं,” अप्पा म्हणाले. “एकटी राहते, शिवणाचें काम फोनावर येतें तिला.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “नव्या मशीनसाठीं ठेवलेले पैसे होते ते. मला माहीत होतें.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. श्रीविद्याने चपला घातल्या.

चोळपुरम्ची बस भरलेली होती. अप्पांना बसायला जागा मिळाली, ती त्यांच्या बाजूला दांडी धरून उभी राहिली. नदीचा पूल आला, गेला. अप्पा दर थांब्याला फोन लावून पाहत आणि खिशात ठेवत. एकटी राहणारी बाई, पैसे गेलेले, फोन बंद. या तीन गोष्टी श्रीविद्या मनातून दूर करत होती आणि त्या परत येऊन उभ्या राहत होत्या. बस भाजीवाल्या बायकांना उतरवायला थांबली की तिला कंडक्टरचा राग येत होता. आपलं नाव त्या ओळीखाली कुठेच नाही, आपण गप्प बसलो तर कुणालाही कळणार नाही, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो आल्याची तिला भीती वाटली.

अलमेलूचं घर विचारत विचारत सापडलं. दार उघडंच होतं. पन्नाशीची एक सडपातळ बाई शिवणयंत्राशी बसली होती, पण यंत्र चालत नव्हतं. भिंतीशी चार्जिंगला लावलेला फोन तिच्या हातात होता.

“ऐया?” ती दचकून उठली. अप्पांना ती प्रथमच पाहत होती, पण आवाज तिच्या ओळखीचा होता. “फोन मरून पडला होता. आत्ता कुठे चालू झाला. मी आणखी वीस घेतल्यात. नव्यातली एकही अजून उघडली नाही. म्हटलं, तुम्हाला विचारून उघडू.”

अप्पा उंबऱ्यावरच बसले. त्यांना दम लागला होता.

“माझं वाचण्यात चुकलं, अम्मा,” ते तमिळमध्ये म्हणाले. “शंभराचा काही नेम नव्हता.”

“अप्पांनी वाचलं ते बरोबर वाचलं,” श्रीविद्या म्हणाली. “लिहिणाऱ्याचं चुकलं. ते तमिळ मी लिहिलंय.”

अप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

अलमेलू पुढे आली. “तुम्ही? ऐयांची मुलगी?” तिने फोन यंत्रावर ठेवला. “मग खरं काय आहे ते तरी आता सांगा.”

टक्क्यांची भाषा तिच्यापुढे काढण्यात अर्थ नव्हता. यंत्राशेजारी बटणांचा डबा होता. श्रीविद्याने नव्व्याण्णव पांढरी बटणं मोजून बाजूला काढली, त्यांत घोड्याच्या जागी एक काळं मिसळलं आणि सगळी एका भांड्यात टाकली.

“न बघता एक काढा.”

अलमेलूने पांढरं काढलं आणि बाजूला ठेवलं.

“नाही. परत आत टाका. हलवा. आता पुन्हा काढा.”

पुन्हा पांढरं. पुन्हा आत. असं सात-आठ वेळा झाल्यावर अलमेलूचा हात भांड्यातच थांबला.

“परत टाकायचं असेल तर भांडं कधी रिकामं व्हायचंच नाही,” ती हळूच म्हणाली. “मी समजत होते, एकेक कमी होतंय. जवळ येतंय.”

“तेच लिहायचं राहिलं.”

“राहिलं कसं? एवढी साधी गोष्ट आहे.” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे श्रीविद्याला ते जास्त लागलं. “मी एकटी नाही, अम्मा. संघातले बाकीचेही मोजतायत.”

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. पूल ओलांडेपर्यंत अप्पा खिडकीबाहेर पाहत होते.

“तुला मना केलें आहे ना, लेखी देऊं नको म्हणून?”

“होय.”

“कचेरींत मलाही असें सांगत. मी ऐकत असें.”

घरी पोचताच तिने कंपनीला पत्र लिहिलं. ओळीमुळे काय समज झाला, अलमेलूच्या शंभर आणि न उघडलेल्या वीस पेट्यांचं काय झालं, नवी ओळ काय असावी. नवी ओळ तिला शोधावी लागली नाही: प्रत्येक पेटी वेगळी आहे, आधी उघडलेल्या पेट्या मोजल्या जात नाहीत, कितीही उघडल्या तरी घोडा येईलच असं नाही. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. शेवटी अप्पा दारात येऊन उभे राहिले तेव्हा तिने ते दाबलं.

पुढचे दिवस वाईट गेले. उत्तर येईना. फोन वाजला की ती धावत जायची, आणि नाही वाजला तरी उचलून पाहायची. बाहेर अप्पा संघातल्या एकेकाला फोन करून तेच ते सांगत होते. काहींनी ऐकलं. एकाने विचारलं, इतके दिवस कंपनीकडून तुम्हाला किती मिळत होतं. अप्पांनी तो फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.

एका दुपारी विजयराघवचा फोन आला. इंग्रजीतही अशाच तक्रारी येत होत्या, वकिलांनी तिचं पत्र वाचलं, नवी ओळ सगळ्या भाषांत जाणार आहे. अलमेलूला न उघडलेल्या वीस पेट्यांचे पैसे परत मिळतील, उघडलेल्यांचे नाहीत. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं.

“आणि नवी खेप?” श्रीविद्याने विचारलं.

“ती सध्या दुसऱ्या कुणाला तरी दिलीय,” तो म्हणाला. “बघू पुढे.”

पुढे काही आलं नाही. तिने दुसरीकडे कामं शोधली. मिळाली ती औषधांच्या पाकिटातल्या माहितीची, आणि पैसे कमी. प्रत्येक वाक्य पाठवायच्या आधी ती ते अप्पांना वाचून दाखवू लागली आणि त्यांना काय समजलं ते विचारू लागली. त्यात वेळ फार जायचा.

अलमेलूने खेळ सोडला. महिन्याभराने ती धागे आणि अस्तर घ्यायला कुंभकोणम्ला आली तेव्हा घरी आली. कॉफी घेतली. जुन्याच यंत्रावर काम चाललंय म्हणाली. मग तिने पिशवीतून एक घडी केलेलं पत्रक काढलं, कुठल्याशा बचत योजनेचं.

“हे तुम्ही लिहिलेलं नाही ना?” तिने श्रीविद्याला विचारलं.

“नाही.”

“मग वाचून सांगा. ऐया, तुम्हीही ऐका.”

श्रीविद्याने पत्रक हातात घेतलं, चष्मा पुसला आणि आधी सगळ्यात खालची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली.