रिकामे फेरे

लोक दादाच्या भाषेला गोगलगाय म्हणायचे आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने प्रोग्राम लिहायची एक छोटी भाषा बनवली आणि ती चालवणारा इंटरप्रिटरही. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. माणसाने लिहिलेलं तो वाचतो, त्याचे बारीक बारीक हुकूम करतो आणि ते एका यंत्राच्या हाती देतो. हे यंत्र कुठे टेबलावर ठेवलेलं नसतं, तेही कोडचंच असतं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दादाचं मशीन एका वेळी एक हुकूम उचलायचं, नीट बघायचं, पार पाडायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचं. घाई नाही, चूकही नाही. मातीच्या भट्ट्या, शाळांच्या घंटा, कापड रंगवायची यंत्रं अशा साध्यासुध्या ठिकाणी जगभर ती भाषा वापरात होती, कारण ती कधी बंद पडत नसे. पण हळू होती हे खरं. 'गोगलगाय आणि पोटात पाय' असं कोणी चेष्टेने म्हटलं की दादा हसायचा. मला मात्र ते झोंबायचं.

सहा वर्षांपूर्वी दादाला नसांचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. बोटं चालत होती तोवर त्याने स्वतःसाठी एक प्रोग्राम लिहून ठेवला, अर्थातच आपल्याच भाषेत. पडद्यावर अक्षरांचा तक्ता, दहा ओळींचा. एक पिवळा चौकोन आधी ओळींवरून सरकतो. हव्या त्या ओळीवर आला की बटण दाबायचं, मग तो त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकतो, पुन्हा दाबायचं. एक अक्षर झालं. यंत्र प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणतं आणि शब्द पुरा झाला की अख्खा शब्द. दादाच्या अख्ख्या देहात आता उजवा अंगठा तेवढा हलत होता आणि तो अंगठा त्या बटणावर असायचा. पापण्या वर्षापूर्वीच दमल्या होत्या. मिटल्या की कोणी हाताने उघडेपर्यंत मिटूनच राहायच्या, म्हणून डोळ्यांनी खुणा करणंही संपलं होतं.

इंटरप्रिटरची देखभाल माझ्याकडे आली. दादाने एक शिस्त घालून दिली होती: कुठलाही बदल करा, जुने जमवलेले सगळे प्रोग्राम त्यावर चालवून बघा आणि मगच बाहेर सोडा. असे सहाशे प्रोग्राम आमच्या संग्रहात होते. परक्या लोकांचे सगळे. दादाचा स्वतःचा बोलायचा प्रोग्राम त्यात नव्हता. घरच्याला कोण तपासतं!

आमचं एक जुनं भांडणही होतं. त्या भाषेत 'थांब' असा हुकूमच नव्हता. मी कितीदा म्हटलं, घालू या. दादा म्हणायचा, "ज्याला थांबायचंय त्याने मोजावं." म्हणजे प्रोग्रामला जरा थांबवायचं असेल तर त्याला रिकामं मोजायला लावायचं, चाळीस लाखांपर्यंत. मशीन इतकं संथ आणि इतकं एकसारखं चालायचं की तेवढं मोजून होईतो बरोबर दीड सेकंद जायचा. लोक त्याला रिकामे फेरे म्हणत. मला ती पद्धत अडाणी वाटायची आणि मी ती विसरूनही गेले.

गोगलगाय हे नाव पुसायचंच, असं ठरवून मी दोन वर्षं त्या मशीनच्या मागे लागले. तेच ते हुकूम पुन्हा पुन्हा येत असतील तर ते एकदाच तयार करून ठेवायचे आणि नुसते पळवायचे, अशी सोय केली. सहाशेच्या सहाशे प्रोग्राम बरोबर उत्तरं देत होते. वेग साडेचार पट झाला. मी हवेत होते.

त्याच आठवड्यात दादाच्या छातीत कफ साठला आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं. आठ दिवस तो तिथे होता. वहिनी त्याच्याजवळ, मी घर सांभाळायला. रिकाम्या खोलीत त्याचा पलंग बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी त्याच्या पडद्यापाशी बसले आणि नवी आवृत्ती त्याच्या यंत्रावर घातली. पहिला मान त्याचा, मग ती जगासाठी बाहेर सोडली. चौकोन कसा टुणटुण उड्या मारत होता! मी तिथे एकटीच हसत बसले होते, हे मला आजही आठवतं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दादा घरी आला तो खंगूनच. बटण अंगठ्याखाली दिलं. त्याने दोनदा दाबलं. यंत्र म्हणालं, "ठ." पुन्हा दोनदा दाबलं. "ठझ." दोन दिवस असंच काहीबाही. वहिनी म्हणाल्या, "अगं, यंत्र तर आता चपळ झालंय की, तू केलंस ना? मग यांनाच का जमत नाहीये?"

मी म्हटलं, "अशक्तपणा असेल, वहिनी. दोन दिवस जाऊ द्या."

चार दिवसांनी वहिनींनी आवाज बंद केला. त्या अर्थहीन अक्षरांनी त्यांना धडकी भरायची. डॉक्टर आले, दादाचा अंगठा बघितला. दादा बटण दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता. डॉक्टर म्हणाले, "हे झटके आहेत. आजारात प्राणवायू कमी पडला असणार. मेंदूला किती धक्का बसलाय ते सांगता येत नाही." त्यांनी झटक्यांवर औषध लिहून दिलं.

पुढची गोष्ट त्यांनी दारात सांगायला हवी होती, पण सांगितली पलंगाशीच. दादाचा श्वास आता फार दिवस पुरणार नव्हता. गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि ती श्वासाच्या यंत्राला जोडली तर तो जगेल, वर्ष, दोन वर्षं. नाहीतर काही आठवडे. ठरवायचं दादाने. पण त्याला सांगता येत नसेल, तर सोमवारी वहिनींनी सही करायची, हो किंवा नको.

डॉक्टर दादाच्या कानाशी वाकले. "नळी हवी असेल तर एकदा दाबा. नको असेल तर दोनदा."

दादाने दहा वेळा दाबलं. मग थांबला. मग पुन्हा दहा वेळा.

डॉक्टरांनी आमच्याकडे बघून मान हलवली.

ते गेल्यावर वहिनी पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. "तू सांग. तू त्यांना माझ्याआधीपासून ओळखतेस."

मी सांगितलं. दादाच्या देखत, त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून मी म्हटलं, "नको, वहिनी. तो आत राहिलेलाच नाही तर नुसतं शरीर कशाला ओढायचं? आता पुरे करू." वहिनी रडल्या. मीही रडले. दोघींना वाटलं, आपण त्याच्यावर माया करतोय.

मागे अंगठा वाजत होता. टक. टक. टक.

रविवारी दुपारी वहिनी जरा आडव्या झाल्या आणि मी दादापाशी बसले. हाताला चाळा म्हणून लॅपटॉप उघडला, तर एका रंगाऱ्याचं पत्र आलेलं. हे दुसरं. पहिल्या पत्रात त्याने तक्रार केली होती की नव्या आवृत्तीपासून त्याचं कापड रंगवायचं यंत्र घाई करतंय. मी त्याला झाडलं होतं. 'रिकामं मोजणं म्हणजे घड्याळ नव्हे. चूक आमची नाही, तुमच्या प्रोग्रामची आहे.' आणि तक्रार बंद करून टाकली होती. या धंद्यात आम्हाला हा माज असतोच, लपवून काय उपयोग.

त्याने आता लिहिलं होतं: 'बाई, चूक माझी असेलही. पण ती एकोणीस वर्षं बरोबर चालली. एक बादली ओतली की यंत्र थांबायचं, रंग मुरायचा, मग दुसरी. आता पहिली मुरायच्या आत दुसरी येते. कापड खराब होतंय. मी काय करू तेवढं सांगा.'

काय कटकट आहे, असं मी पुटपुटले. आणि तेवढ्यात मागे पुन्हा सुरू झालं. टक. टक. टक.

मी मान वर केली. झटके असे नसतात. झटका कसाही येतो. हे एकसारखं होतं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. दहा वेळा, पंधरा सेकंदांत. थोडा थांबा. पुन्हा दहा वेळा, पंधरा सेकंदांत. एका वेळेला दीड सेकंद.

तक्त्यात दहा ओळी. आणि दादाचा चौकोनही प्रत्येक ओळीवर रिकामं मोजूनच थांबायचा.

मी पडद्याकडे बघितलं. पिवळा चौकोन पहिल्या ओळीवरून दहाव्या ओळीवर तीन सेकंदांत पोचत होता. निरोगी माणसाचं बोट चुकलं असतं. दादाचा अंगठा पूर्वीच्याच चालीने चालला होता, सेकंदाचाही फरक न करता, आणि माझा चौकोन त्याला मागे टाकून पळत होता. दादाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसरा कोण ओळखणार? त्याने अक्षरं निवडणं सोडून दिलं आणि जुनी चाल वाजवून दाखवायला घेतली, कारण घरात ती चाल ओळखू शकेल असं एक माणूस आहे. ते माणूस सतरा दिवस त्या आवाजाकडे पाठ करून बसलं होतं.

मी जुनी आवृत्ती परत घातली. यंत्राचा आवाज चालू केला. वहिनींना हाक मारली. त्या धावत आल्या. "काय झालं? श्वास?"

"नाही. बसा. नुसतं बघा."

चौकोन पहिल्या ओळीवर आला आणि थांबला. दुसऱ्या ओळीवर आला, थांबला. गोगलगायच. आयुष्यात मला काही इतकं सुंदर दिसलं नव्हतं.

टक.

पहिला शब्द व्हायला दोन मिनिटं गेली. यंत्र म्हणालं, "शहाणे."

लहानपणापासून मी काही गाढवपणा केला की तो मला हीच हाक मारायचा. वहिनींनी तोंडावर पदर दाबला.

पुढचं बोलणं यायला पाव तास लागला. आम्ही दोघी हललो नाही.

"नळी लावा. मी सांगेन तेव्हा काढा."

मग मला डॉक्टरांच्या प्रश्नाचं कोडं उलगडलं. एकदा दाबून हो म्हणणं त्याला जड नव्हतं. पण नुसतं हो म्हटलं असतं आणि बोलणं परत आलं नसतं, तर पुढे कधी ती नळी नकोशी झाल्यावर काढा म्हणणार कोण आणि कसं? बोलता येत असेल तर हो, नसेल तर नको. एवढं मोठं उत्तर एकदा-दोनदा दाबून देता येत नव्हतं. म्हणून आधी यंत्र दुरुस्त करा, एवढंच तो सांगत राहिला.

मी त्याच्या पलंगाशी खाली बसले. "दादा, मी नको म्हटलं होतं. तुझ्यासमोर."

चौकोन पुन्हा ओळींवरून सरकू लागला. मग यंत्र म्हणालं, "ऐकलं."

मला वाटलं, आता तो काहीतरी सांत्वनाचं बोलेल. दादा तसला नव्हता. पुढचा शब्द आला, "वेग?"

"साडेचार पट," मी म्हटलं.

"छान." आणि पुन्हा बऱ्याच वेळाने, "थांब हुकूम घाल. तेव्हाच घालायला हवा होता. माझं चुकलं."

माझा सगळा बांध फुटला. तिथे, त्याच्या निर्जीव हातावर कपाळ टेकून मी रडले आणि तो अंगठा माझ्या कानाशी दोनदा टक् टक् करून वाजला. यंत्राने कुठलंसं चुकीचं अक्षर म्हटलं. ते आम्ही पुसलं नाही.

त्याच संध्याकाळी मी रंगाऱ्याला उत्तर लिहिलं, की चूक तुमची नाही, आमची आहे आणि जुन्या प्रोग्रामांना जुनीच चाल मिळेल अशी सोय आठवड्याभरात करते. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: 'माणूस समजूतदार आहात.' मी ते दादाला वाचून दाखवलं. यंत्र म्हणालं, "त्याला काय माहीत."

मंगळवारी नळी बसवली. दादा चौदा महिने जगला. 'थांब' हा हुकूम भाषेत आला. तो कसा असावा यावर त्याने माझ्याशी तीन आठवडे वाद घातला, एकेक अक्षर निवडून, आणि जिंकला. एका सकाळी वहिनी त्याचा चेहरा पुसत असताना यंत्र म्हणालं, "आता काढा." वहिनींनी तीनदा विचारलं. तीनही वेळा त्याने पूर्ण शब्द लिहून उत्तर दिलं. डॉक्टरांनी या वेळी कोणाकडेही बघून मान हलवली नाही. कागदावर वहिनींची सही लागलीच नाही.

आता आमच्या संग्रहात सहाशे एक प्रोग्राम आहेत. प्रत्येक बदलानंतर सगळे चालवून बघतो. सहाशे मिळून एक मिनिट घेतात आणि दादाचा एकटा तीन. चौकोन एकेका ओळीवर येतो, दीड सेकंद थांबतो, कोणी बटण दाबतंय का बघतो आणि पुढे जातो. बरोबरचे लोक म्हणतात, ताई, हा एक वगळला तर आपला केवढा वेळ वाचेल. मी त्यांना तसं करू देत नाही. ती तीन मिनिटं मी दुसरं काही काम करत नाही, पडद्यासमोर बसून राहते.