हनुवटी

"त्यांना आत सोडू नका," तिने तोंडावरची चादर घट्ट धरत सांगितलं.

"अहो काकू, सकाळपासून बाहेर बाकावर बसलेत काका," सिस्टर म्हणाली. "निदान मला तरी ड्रेसिंग बदलू द्या."

तिने चादर खाली केली. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सूज होती. जखमेच्या कडेने काळेपांढरे राठ केस वर आले होते. डॉक्टरांनी ब्लेड लावायला साफ मनाई केली होती, आणि दाढी काय, कुणाच्या मनाईला भीक घालत नाही.

ती एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. खोली मागच्या बाजूला, एकटीची. "ऑपरेटरबाई, आवाज काय गोड हो तुमचा," असं लोक फोनवर म्हणत, आणि जिन्यात समोरून गेली तरी ओळखत नसत. ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या आधी उठायची, न्हाणीघराची कडी लावायची, आणि त्याने टाकून दिलेलं ब्लेड हनुवटीवरून फिरवायची. दुकानात जाऊन नवं मागायची हिंमत तिला कधी झालीच नाही. बाईमाणसाला ब्लेड कशाला, असं कुणी विचारलं असतं तर?

मग या खेपेला एक केस आतल्या आत वळला. फोड आला. तिने त्या फोडावरूनच ब्लेड ओढलं. त्यात मधुमेह होताच. बघता बघता मान फिरवता येईना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. "केस काढायचे की ठेवायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "काढायचेच तर साधन स्वतःचं हवं, स्वच्छ हवं. दुसऱ्याचं टाकलेलं नको. आणि फोडावरून तर अजिबात नको." मग तपासणीचा कागद बघत त्यांनी विचारलं, "पाळी कशी होती तुमची? मुलं किती?"

"अनियमित. मूल नाही."

"चेहऱ्यावरच्या केसांचं तेव्हा कुणाला दाखवलं नाही? दोन्हींचा संबंध असू शकतो. औषधं होती."

डॉक्टरीणबाई गेल्यावर ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग तिने सिस्टरला हाक मारली. "पाठवा त्यांना आत."

नवरा आला, खुर्ची ओढून बसला. या वेळी तिने तोंड झाकलं नव्हतं. त्याची नजर तिच्या हनुवटीवर गेली आणि तिथे अडखळली नाही.

"दुखतंय का?"

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "पहिल्या वर्षीच कळलं. टाकलेलं ब्लेड डब्यात दिसेना. म्हटलं, तू आपणहून सांगशील."

"आपण मुलासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो. चेहऱ्यावर केस येतात का, असं त्यांनी मला विचारलं. तुम्ही शेजारी बसला होतात."

"हो."

"मी नाही म्हणाले."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नाही म्हणालीस," तो हळू आवाजात म्हणाला. "परक्या माणसासमोर तुला खोटं कसं पाडू? मला वाटलं, तुझी अब्रू राखतोय."

तिला रागवायचं होतं. राग घशापर्यंत आलाही, पण गळा सुजलेला होता, आवाज फुटेना. जन्मभर आवाजावरच पोट भरलं, आणि नेमक्या वेळी तोच दगा देत होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "विचारायचं होतंत एकदा. मला."

त्याने मान डोलावली. डोळे पुसायला त्याच्याकडे रुमालही नव्हता, बाहीनेच पुसले. शेजारच्या खाटेवरची बाई पाणी मागत होती, सिस्टरने तिला दिलं. खिडकीतून दुपारचं ऊन खुर्चीपर्यंत सरकलं आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. रोज ती उठायची तेव्हा खोलीत काळोख असायचा, आणि न्हाणीघरातून बाहेर यायची तेव्हा तो जागा झालेला असायचा. उजेडात झोपलेला नवरा तिने कधी पाहिलाच नव्हता. झोपेत त्याचा खालचा ओठ किंचित पुढे आला होता, लहान मूल रुसल्यासारखा. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कधी झाल्या कोण जाणे.

सिस्टर खाटेशी आली. "काकू, भेटीची वेळ संपली. उठवू का त्यांना?"

"राहू द्या थोडा वेळ," ती म्हणाली. "मी बघतेय त्यांना."