मदतनिसांच्या खोलीतली हट्टी खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, आणि आधीच सांगते, माझी कीव करू नका.

मित्रांनो, आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. सांगून टाकते. हा वृद्धाश्रम बांधून होत आला तेव्हा दारांतून उरलेल्या लाकडापासून सुताराने मला बनवले. दोन झडपा, सहा काचा, एक कडी. मोठ्या खोल्यांच्या खिडक्यांना पडदे मिळाले. मला मिळाली मदतनिसांची खोली. चार पावले लांब, तीन पावले रुंद, एक बाक आणि खुंट्यांवर एप्रन. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कुशीवर वळवणाऱ्या बायका इथे येऊन घटकाभर पाय लांब करत. जन्म संपला. बालपण नव्हते.

पुढे एक रंगारी आला. त्याने मला न उघडताच रंगवले. रंग फटींत उतरला, वाळला आणि मी भिंत झाले. "काय छान दिसते!" सगळे म्हणाले. माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच.

(इथे तीन वर्षे गाळली आहेत. बंद खिडकीला सांगण्यासारखे काही नसते.)

मग करोना आला.

आश्रमाचे व्यवस्थापक कंबर कसून उभे राहिले. सगळ्या त्यांना पाठीमागे फिनेलराव म्हणत. खोटे कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाटकाशी साबण-पाणी ठेवले, भेटायला येणाऱ्यांना बाहेरूनच परत पाठवले, दारांच्या मुठी तासातासाला पुसून घेतल्या. मलाही दिवसातून तीनदा पुसले. मी चकचकीत झाले. आणि घट्ट बंद राहिले.

मदतनीसही कमी नव्हत्या. खोलीत शिरताना मास्क नाकावर, हात धुतलेले, एका खोलीतला एप्रन दुसऱ्या खोलीत नाही. सगळ्यांत थोरल्या मावशी तर आक्कांना भरवताना श्वाससुद्धा बेताने घेत. आक्का नव्वदीच्या. त्या जेवत ते मावशींच्याच हातून. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला तर तो भिंतीवर आपटे.

पण दुपारचा एक वाजला की सहा जणी या खोलीत येत, दार लोटून घेत, मास्क हनुवटीखाली ओढत आणि मांडीला मांडी लावून डबे उघडत.

"अगं सरक, अंतर ठेव की!"

"तुझ्यापासून? तुझी उष्टी भाजी खाऊन इतकी वर्षं जगले, आता काय नव्याने होणार?"

"आपल्याआपल्यात कसला आलाय करोना!"

रोग परका, म्हणजे तो परक्यांकडूनच येणार, असा त्यांचा समज.

आधी स्वयंपाकीण आजारी पडली. मग धाकटी मदतनीस. मग कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा. त्यांना दवाखान्यात नेले. ते परत आले नाहीत.

फिनेलरावांनी फिनेल दुप्पट केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमाची सिस्टर खोलीत आली. मास्क बदलायला तिने जुना काढला आणि नाक मुरडले.

"काल कोणाच्या डब्यात कच्चा कांदा होता?"

"माझ्या," मावशी म्हणाल्या. "का? हवा होता का?"

"मावशी, रात्र गेली तरी तुमचा कांदा या खोलीतून गेलेला नाही. मग आपण सोडलेला श्वास कुठे जात असेल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा!

मावशींनी स्वयंपाकघरातून उलथने आणले आणि माझ्या फटीत खुपसले. रंगाचे पापुद्रे उडाले. मी किंचाळले, पण ते मुद्दाम, जोर यावा म्हणून. फिनेलराव धावत आले.

"बंद करा आधी! बाहेरून रोग आत येईल!"

"साहेब, बाहेर अंगणात एक मांजर आहे फक्त," सिस्टर म्हणाली. "रोग आत आहे. त्याला वाट करून देतोय."

"पण कोणाला विचारून उघडताय?"

"कोपऱ्यातल्या आजोबांना," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी उलथन्यावर सगळा भार टाकला.

माझी एक काच गेली. गेली तर गेली. मी उघडले.

फिनेलरावांनी झाडू आणला आणि काचा स्वतः गोळा केल्या.

वारा आत आला तशा मावशी बाकावर टेकल्या.

"सिस्टर, कालपासून घसा खवखवतोय माझा."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"मी घरी बसले तर आक्का जेवायच्या नाहीत गं. उपाशी मरतील."

"आणि तुम्ही भरवलंत तर?"

मावशींनी मास्क नाकावर ओढला, एप्रन पिशवीत कोंबला आणि त्या निघाल्या. आक्कांचे दार मला दिसत नाही. पण त्या दाराशी मावशींची पावले थांबली नाहीत, एवढे मी ऐकले. तपासणीत करोना निघाला.

इथे थोडे थांबते आणि बोध देऊन टाकते. मित्रांनो, मी विनंती करत नाही, बजावते आहे. हात धुवा, मास्क लावा, हे तुम्हाला पाठ आहे. पण ज्यांच्यापुढे मास्क काढावासा वाटतो, त्यांनाच आपण आधी आजारी पाडतो. घसा खवखवला तर लपवू नका. आणि जी माणसे तुमच्या आजी-आजोबांची काळजी घेतात, ती जेवायला कुठे बसतात ते जाऊन पाहा. तिथली खिडकी ओढून पाहा. उघडत नसेल तर भांडा.

आता आक्का. पहिल्या दिवशी त्यांनी चमचा फेकला. दुसऱ्या दिवशी वाटी. तिसऱ्या दिवशी "ती बया कुठे उलथलीय?" असे विचारत आणि सिस्टरला नावे ठेवत त्यांनी चार घास खाल्ले. ताप त्यांना आला नाही.

मावशी बऱ्या होऊन परत आल्या, हात धुऊन थेट आक्कांकडे गेल्या आणि पाचच मिनिटांत इथे येऊन बसल्या.

"काय हो मावशी?"

"तोंड फिरवलं माझ्याकडे बघून. म्हणतात, आता सिस्टरच भरवेल, तू जा." मावशींनी डोळे पुसले. "रुसल्यात. पण रुसायला आहेत गं, रुसायला आहेत!"

आणि त्या खदखदून हसल्या. त्या वेळी मला लावून घ्यायला कोणी आले असते, तर मी त्याचे बोट चेमटले असते.